राखेच्या राणीचं तोंड

"भीती वाटत नाहीये," मिथुन सर म्हणाले. "म्हणजे, वाटतेय. पण आतून नाही वाटत."

अर्पितानं लॅपटॉपच्या पडद्यावरच्या राखेच्या राणीकडे पाहिलं. राणीच्या डोक्यावर शिंगांचा मुकुट होता, खांद्यावर गिधाड होतं, गळ्यात माणसांच्या दातांची माळ होती आणि पायाखाली जळून गेलेलं अख्खं शहर होतं. आतून भीती वाटायला आता पायाखाली आणखी काय घालावं, हे तिला सुचेना.

"ओके सर," ती म्हणाली.

"आणि थोडा आदरही वाटला पाहिजे. खेळणारा तिच्या दारात येतो, तेव्हा त्याला वाटलं पाहिजे, की आपलं काहीतरी चुकलंय. काय चुकलंय ते कळायला नको. पण चुकलंय."

"ओके सर."

"ट्राय कर. घाई नाही. संध्याकाळपर्यंत दिलंस तरी चालेल."

कॉल संपला. मिथुन सर पुण्यात एका गेम बनवणाऱ्या कंपनीत बसत आणि अर्पिता जाफराबादेत, सासरच्या मधल्या खोलीत, पलंग आणि गव्हाची कोठी यांच्यामध्ये उरलेल्या जागेत. घरून काम करायची परवानगी तिला परीक्षा म्हणून मिळाली होती. ही राणी पसंत पडली, तर पुढची पात्रंही तिच्याकडे येणार होती. नाही पडली, तर पुण्याला येऊन राहा, नाहीतर राम राम. आणि पुण्याला जाणं शक्य नव्हतं, कारण तिच्या नवऱ्याचं, माऊलीचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान इथं बसस्टँडजवळ होतं, आणि तालुक्यातल्या विहिरींवरच्या मोटारी जळायच्या थांबणार नव्हत्या.

राणी कितव्यांदा बदलली, हे मोजणं अर्पितानं कधीच सोडून दिलं होतं. पहिली राणी मिथुन सरांना लग्नाला निघाल्यासारखी वाटली. दुसरी आजारी वाटली. नंतरची एक 'खूप छान' होती, पण 'नको' होती. एका राणीला तर त्यांनी फक्त "हम्म" एवढाच अभिप्राय दिला होता, आणि त्या एका "हम्म"चा अर्थ लावण्यात तिचा अख्खा रविवार गेला होता.

तिनं पेन उचललं. डोकं बंद पडलं होतं, पण हात चालत होता. नाक जरा बाकदार झालं, हनुवटी पुढं आली, पापण्या अर्ध्यावर उतरल्या. तिनं ते बघितलंही नाही धड. पाठवून दिलं आणि कोठीला डोकं टेकून बसली.

उत्तर लगेच आलं. "अर्पिता! आता सापडतंय काहीतरी! हा चेहरा सोडू नकोस."

तिला आधी खरंच वाटेना. मग एवढा आनंद झाला, की दुपारी माऊली जेवायला आला तेव्हा तिनं त्याला हातसुद्धा धुऊ दिले नाहीत.

"बघा ना, कशी वाटती?"

माऊली वाकून बघू लागला. बघता बघता त्याचं तोंड उतरलं. त्यानं एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, "आईला काऊन काढलं गं तू?"

अर्पितानं पाहिलं. बाकदार नाक, पुढं आलेली हनुवटी, अर्ध्यावर उतरलेल्या पापण्या. प्रभावतीबाई. "आज भाजीत कूट घातलं व्हय?" असं विचारताना दिसतात, त्या अगदी तशाच. फक्त शिंगं जास्तीची.

आता, प्रभावतीबाई काही वाईट नव्हत्या. सून दिवसभर लॅपटॉपपुढं बसते, म्हणून त्यांनी कधी चार बायकांत तोंड वाकडं केलं नव्हतं. आवाज म्हणाल, तर लेकाच्या लग्नात नवरीकडच्यांनी जेवणाला उशीर केला तेव्हासुद्धा चढला नव्हता. पण त्यांचं तोंडच तसं होतं. त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या, तरी अर्पिताला गॅस चालू राहिलाय की काय, असं वाटायचं.

तिनं घाईघाईनं राणीचं नाक सरळ केलं, हनुवटी आत घेतली आणि तसं चित्र पाठवलं.

"अगं, ते कुठं गेलं?" मिथुन सरांचा फोन आला. "आता ही बँकेतली बाई वाटतेय. पासबुक मागेल असं वाटतं. मघाचाच चेहरा आण. तोच. अजून थोडा पुढं ने."

इकडे आड, तिकडे विहीर. अर्पिता रडकुंडीला आली. माऊलीला तिची दया आली, आणि घोटाळा तिथंच झाला, कारण दया आली की माऊली काहीतरी करून बसायचा.

"माझ्या एकट्याच्याच डोळ्याला तसं दिसत असंल," तो म्हणाला. "थांब, दुसऱ्याचं मत घेऊ." आणि अर्पिता नको म्हणेपर्यंत त्यानं मघाच्या चित्राचा फोटो काढून वाटूरला आपल्या बहिणीला, सुरेखाताईला, पाठवलासुद्धा. खाली लिहिलं, 'ही कोणासारखी दिसते?'

सुरेखाताईचा फोन आला, पण बराच वेळ नुसतं हसणंच ऐकू येत होतं.

"अगं बया बया," शेवटी तिला बोलता आलं. "वहिनी, शिंगं लई शोभतेत गं आईला!"

"ताई, पाया पडते, आईंना बोलू नका."

"न्हाई गं. बिलकुल न्हाई. आईची शप्पथ."

आईचीच शपथ घेतल्यामुळे असेल, ती दुसऱ्या दिवशी सकाळी मोडली. मात्र आईशी फोनवर बोलताना सुरेखाताईला पुन्हा हसू फुटायला लागलं, म्हणून तिनं अर्धंच सांगितलं. "आई, वहिनी तुझं चित्र काढून राह्यली. लई मोठं. गेममधी येणार हाय ते." आणि फोन ठेवला.

अर्पिताला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की सकाळी न मागता चहा समोर आला. चहाबरोबर खारी आली. मग प्रभावतीबाई स्वतः आल्या.

"काम चालू दे बाई तुझं. भाकरी मी टाकते."

"न्हाई आई, मी उठते ना."

"बस म्हणते ना! डोळ्याला ताण पडून राह्यला असंल. बादाम भिजवू का?"

अर्पितानं हातातली खारी परत बशीत ठेवली. बदामापर्यंत गोष्ट गेली, म्हणजे काहीतरी फार बिघडलं होतं. थोड्या वेळानं प्रभावतीबाई इस्त्रीची साडी नेसून आल्या, खोलीतून सावकाश एक फेरी मारली, खिडकीशी जरा बाजूनं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अशी उभी राहू, का तशी?"

"कशाला आई?"

"न्हाई. सहज."

माऊली दुकानात निघाला होता. अर्पितानं त्याच्याकडे बघितलं, त्यानं चपलेकडे बघितलं. मग त्यानं हळूच फोन काढून बहिणीला मेसेज केला, आणि आलेलं उत्तर वाचून तो उंबऱ्यातच खाली बसला.

"अर्पिता," तो पुटपुटला, "आईला कळलं. म्हणजे, कळलं बी अन् न्हाई बी."

तो पुढं समजावून सांगणार, एवढ्यात बाहेरून प्रभावतीबाईंचा आवाज आला. "या पानबाई, या. आतच या." शेजारच्या किराणा दुकानवाल्या रामेश्वर शेटजींची आई, पानबाई, गुडघ्यांवर हात ठेवत आत आली. तिच्या घराण्याला राजस्थान सोडून एवढ्या पिढ्या झाल्या होत्या, की तिची मराठी प्रभावतीबाईंपेक्षा जास्त जाफराबादी होती. "माझ्या सुनेनं माझं चित्र काढलंय," प्रभावतीबाई सांगत होत्या. "परदेशातले लोक बी बघणार हायेत. दाखव गं."

"आई, ते अजून पूर्ण न्हाई झालं."

"अर्धं दाखव."

"लॅपटॉप गरम झालाय."

"मंग फॅनखाली घे."

"मी काय म्हणतो आई," माऊलीनं मध्ये उडी घेतली, "लाईट जाणार हाय आत्ता."

"जाईल तवा जाईल. तव्हर बघून होतं आमचं." आणि प्रभावतीबाईंनी पाहुणीपुढं धूळ दिसू नये म्हणून लॅपटॉपचं झाकण पदरानं पुसून स्वतःच उघडलं.

कालच्याच नाकाची, कालच्याच हनुवटीची राखेची राणी खोलीभर उजळली.

पानबाईनं चष्मा पुसून पुन्हा लावला. अर्पितानं डोळे मिटून घेतले. पुण्यात भाड्याची खोली, रोजचा डबा, आणि माऊली पंधरवड्यातून एकदा एसटीनं येणार, एवढं सगळं तिला त्या मिटल्या डोळ्यांपुढं दिसून गेलं. किंवा तेही नाही. माहेरच.

"अगं बाई," प्रभावतीबाई म्हणाल्या. आवाज भलताच बारीक झाला होता. "ह्या तर आत्याबाई."

"हौ!" पानबाईनं मांडीवर थाप मारली. "साळूबाईच! बराबर साळूबाई!"

अर्पितानं डोळे उघडले. साळूबाई म्हणजे प्रभावतीबाईंची सासू, त्यांच्या आत्याबाई. अर्पिता या घरात यायच्या कितीतरी आधीच गेलेली. बैठकीत तिचा एक फोटो होता, पण त्यात पदर आणि चष्मा सोडून काही दिसत नव्हतं.

"सुरेखाला काई कळत न्हाई," प्रभावतीबाई म्हणाल्या. "चित्र आजीचं, अन् म्हणती आई तुझं. मी कुठं अशी दिसते?"

"छे!" अर्पिता आणि माऊली एकदमच म्हणाले.

प्रभावतीबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. पडद्याजवळ वाकल्या. मग त्यांनी बोट पुढं केलं. "पण हे तोंडातले दात काऊन दाखवले? आत्याबाई दात न्हाई दाखवायच्या कधी. ओठ मिटून राह्यच्या. त्याचंच तर भ्या वाटायचं."

अर्पितानं पेन हातात घेतलं. "कसे मिटून, आई?"

"असे." प्रभावतीबाईंनी ओठ मिटून दाखवले. अर्पितानं ओठांची रेघ ओढली, आणि ती बरोबर पडली.

"अन् हे गिधाड काढ," पानबाई म्हणाली. "साळूबाईला काय करायचं गिधाड?"

"ही माळ बी. अन् एवढं गाव जाळायचं काम न्हाई. बसल्या जागी बास होतं त्यांचं." प्रभावतीबाईंना आता गती आली होती. "कंबरेला किल्ल्या लाव. कोठीच्या किल्ल्या. मी तूप मागायला गेले ना, की आधी किल्ल्या वाजायच्या, मंग नजर यायची. नवीन नवीन आल्ते मी तवाची गोष्ट. वरणात मीठ जास्त पडलं. एक शब्द बोलल्या न्हाईत बाई. ताट सरकवलं अन् नुसतं बघितलं. मला वाटलं, जमीन फाटंल तर बरं."

"मंग?"

"मंग काय. तशाच बघायच्या. शेवटी अंथरुणाला खिळल्या, तवा सगळं मीच केलं त्यांचं. मी भरवायची, अन् त्या अशा बघायच्या. पण तवा पाणी असायचं डोळ्यात." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "ते बी काढ जमलं तर. कडेला. जास्त नको."

अर्पितानं डाव्या डोळ्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक बारीक ठिपका ठेवला. गिधाड गेलं, माळ गेली, शहर गेलं. उरली ती एक बाई, कंबरेला किल्ल्या लावलेली. शिंगं तेवढी ठेवली, कारण ती पानबाईला आवडली होती. स्वयंपाकघरात भाकरी करपल्याचा वास सुटला, तरी कोणी उठलं नाही.

"आता झालं," प्रभावतीबाई म्हणाल्या, आणि नकळत त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

अर्पितानं चित्र पाठवलं. पानबाई घरी गेली, प्रभावतीबाई करपलेल्या भाकरीकडे गेल्या. माऊली मात्र दुकानात न जाता बायकोशेजारी बसून राहिला. थोड्या वेळानं मिथुन सरांचा व्हिडिओ कॉल आला.

"अर्पिता, काय केलंयस हे!" ते खुर्चीत बसायलासुद्धा तयार नव्हते. "किल्ल्या! किल्ल्या सुचल्या कशा तुला? इथं सगळे उभे राहून बघतायत. एकाला तर त्यानं सुट्टीचा अर्ज न देता घेतलेली सुट्टी आठवली. फायनल. पुढची दोन पात्रंही तूच कर. तिथूनच कर, इकडं यायची गरज नाही."

अर्पितानं श्वास सोडला. किती दिवसांनी सोडला, ते तिलाच ठाऊक. "थँक यू सर. काही करेक्शन?"

"छे छे, काहीच नाही." मिथुन सर जरा घुटमळले. "एक विचारू? रागावू नकोस. तू आरशात बघून काढलंस ना हे?"

"म्हणजे?"

"म्हणजे, मी फीडबॅक देतो ना, तेव्हा तू अगदी अशीच बघतेस. ओठ मिटून. तोंडानं ओके सर म्हणतेस, पण मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलंय. खरं सांगू, तुला कॉल लावायच्या आधी मी एकदा पाणी पिऊन घेतो."

अर्पिता त्यांच्याकडे बघत राहिली.

"हां, हेच," मिथुन सर म्हणाले, आणि पुढच्या महिन्याचं नंतर बोलू, असं काहीतरी पुटपुटून त्यांनी घाईघाईनं कॉल बंद केला.

अर्पितानं लॅपटॉप माऊलीकडे वळवला. आतून प्रभावतीबाईंचा तवा वाजत होता. "अहो, खरं सांगा," ती म्हणाली. "मी अशी दिसते?"

माऊलीनं राणीकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून दिसणाऱ्या आईच्या पाठीकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं, आणि लगेच नजर खाली वळवली.

"मी काय म्हणतो," चपलेत पाय घालता घालता तो म्हणाला, "हसनाबादच्या एका पाहुण्याची मोटार आलीय. अर्जंट हाय म्हणे." आणि चप्पल उलटी घालूनच तो बसस्टँडच्या दिशेनं चालू लागला.