उरलेल्या कुकीचे प्रशासन

जपानातल्या हिरामा नगरपालिकेच्या जलनिःसारण विभागात एका सोमवारी दुपारच्या चहानंतर डब्यात एक कुकी उरली. घटना एवढीच. पुढे जे घडले ते रीतीला, नियमाला आणि सभ्यतेला धरूनच घडले, हे आरंभीच नमूद करणे इष्ट; कारण अनर्थ केवळ बेशिस्तीतून उद्भवतो, असा एक गैरसमज समाजात रूढ आहे.

डबा विभागप्रमुख तोकुनागा यांनी कोबेहून आणला होता. गावाबाहेर मजा करून आलेल्याने सहकाऱ्यांसाठी खाऊचा डबा आणावा, ही तिकडची रीत. ती भेट कमी आणि दिलगिरी अधिक असते. वाटप अर्थातच ज्येष्ठतेनुसार होते. मधोमध लाल जॅमची टिकली असलेल्या कुक्या त्यामुळे नेहमी वरच्या श्रेणीतच संपत आणि लिपिक मिनेगिशी यांच्यापर्यंत पोहोचत त्या साध्या, तीळ लावलेल्या. मिनेगिशी त्या आभार मानून खात. जॅमची कुकी कशी खावी याविषयी मात्र त्यांचे मत पक्के होते: आधी कडा गोलाकार कुरतडून घ्यावी, मग दात मिटून लोण्याला जिभेवर विरघळू द्यावे आणि टिकली सर्वांत शेवटी, डोळे मिटून. नोकरीची सारी वर्षे हे शास्त्र त्यांच्याजवळ प्रयोगावाचून पडून होते.

त्या सोमवारी तोकुनागांच्या डॉक्टरांनी त्यांची साखर तोडली आणि त्यांच्या वाट्याची, टिकलीवाली, डब्यात राहिली.

"मिनेगिशी, घेऊन टाक रे ती," तोकुनागा म्हणाले.

"छे छे साहेब, मला कशाला!"

"अरे घे, उगाच सादळून जाईल."

"नको साहेब, खरंच. आत्ताच तर जेवलो."

येथे कायदा स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिला नकार हा शिष्टाचार, दुसरा नकार हे संस्कार, आणि तिसऱ्या आग्रहाला मान तुकवणे हा नम्रपणा. हा कायदा कोठेही छापलेला नाही, म्हणूनच तो कोणी मोडत नाही. मिनेगिशींचा उजवा हात गुडघ्यावरून उठला होता. तोकुनागांनी तिसऱ्या आग्रहासाठी तोंड उघडले आणि नेमका फोन खणखणला. स्टेशनासमोरचे गटार तुंबले होते. तोकुनागा टोपी घालून धावत सुटले.

ते परतले तेव्हा आग्रह थंड झाला होता. तुटलेला आग्रह पुढे चालू करता येत नाही. आणि नव्याने आरंभ करावा, तर पूर्वीचे दोन नकार खोटे होते असे सूचित होते, जो मिनेगिशींचा अपमान ठरला असता. दुसऱ्या कोणी कुकी उचलावी, तर हावरेपणाचा बोभाटा होणार, आणि प्रत्येकाच्या मुलांची लग्ने अजून जमायची होती. ओसाकाच्या परिसरात ताटलीत उरलेल्या अशा शेवटच्या घासाला 'संकोचाचा गोळा' म्हणतात. नाव पडले म्हणजे उपाय झाला असे मानण्याची प्रथा तेथेही आहे.

आता, जुना डबा संपल्यावाचून नवा उघडायचा नाही, हा दुसरा संकेत. ज्येष्ठ लिपिक ओकाबेबाई गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊन आल्या. त्यांचा डबा बंदच राहिला. त्यावर आणखी डबे चढले. कपाटावर जागा उरेना तेव्हा गटारांचे नकाशे जिन्याखाली गेले. पुढे लोकांनी रजा घेणेच सोडले, कारण रजा म्हणजे प्रवास आणि प्रवास म्हणजे डबा. सगळा विभाग कित्येक वर्षांत प्रथमच पूर्ण हजर राहू लागला. कामाचा वेग त्यामुळे वाढला नाही, गर्दी वाढली.

"जीव अडकलाय ना तुमचा त्या डब्यात?" ओकाबेबाईंनी एकदा मिनेगिशींना गाठले.

"माझा? काहीतरीच काय, बाई!"

"मग रोज सकाळी त्याच्यावरची धूळ कोण पुसतं?"

"स्वच्छता नको का?"

"हो ना! तुमच्या टेबलावर मात्र गवत उगवायचं बाकी आहे."

मिनेगिशी लाजले. धूळ पुसताना ते झाकण किंचित उघडून वास घेत, हे बाईंना ठाऊक होते; बाई तोच वास घेण्यासाठी त्यांच्याही आधी येत.

पावसाळी दमट हवा सुरू झाली आणि आपत्ती निवारण विभागाने दावा ठोकला. डब्यातील वस्तू जर बिस्कीट असेल, तर ते कोरडे शिधासामान होय. भूकंपाच्या तयारीसाठी ते त्यांच्या कोठारात जमा व्हायला हवे. जलनिःसारण विभागाने उत्तर दिले की ती कुकी आहे आणि कुकी हा आदरातिथ्याचा विषय आहे. दोन्ही पक्ष इतके विनम्र होते की भांडण मिटण्याची आशाच नव्हती. समिती नेमण्यात आली. तिने खाद्येतिहासाच्या एका प्राध्यापकांना पाचारण केले.

प्राध्यापकांनी पोर्तुगीज गलबतांतून नागासाकीला उतरलेल्या भाजक्या पिठाच्या वड्यांपासून आरंभ केला, कोबेच्या भट्ट्यांपर्यंत ते आले आणि वाटेत दोनदा चहा झाला, पण चहाबरोबर काहीच देता आले नाही. त्यांचा निष्कर्ष असा: कुकी ही खाण्यासाठी निर्माण झाली याबद्दल इतिहासात दुमत नाही, मात्र ती कोणी खावी, याविषयी साधने मूक आहेत. तथापि हाताने वळल्यासारखा घाट आणि लोणी-साखरेचे भरघोस प्रमाण असेल तरच तिला कुकी म्हणावे, नपेक्षा बिस्कीट. प्रमाण ठरवण्यासाठी नमुना फोडून तपासावा लागेल. नमुना एकच होता. तो फोडल्यास निर्णय होणार होता, पण ज्याविषयी निर्णय व्हायचा ती वस्तू उरणार नव्हती. समितीने आपली मुदत वाढवून घेतली.

अखेर नगराध्यक्ष उसुई जातीने आले. उसुई मूळचे दूर उत्तरेकडचे. बोलणे थेट, आणि ऐकणेही थेट. ही दुसरी खोड अधिक घातक, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. सारा विभाग उभा राहिला. डबा मध्यभागी ठेवण्यात आला आणि झाकण निघाले. टिकलीचा लाल रंग फिका पडला होता. पण मिनेगिशींना ती पूर्वीइतकीच लाल दिसली.

"मिनेगिशी, ही तुमची. घ्या," उसुई म्हणाले.

"नको नको, साहेब."

"घ्या हो. सगळं गाव खोळंबलंय."

"नको साहेब, मला कशाला..."

ओकाबेबाईंनी पुढे होऊन टेबलावरचा फोन पोटाशी धरला.

"अहो, घ्या म्हणतो ना!"

तिसरा आग्रह आला होता! मिनेगिशींचा हात निघाला, डब्याच्या कडेवर पोहोचला. परंतु जीभ हाताहून जुनी नोकरदार. ती म्हणाली, "आधी आपण, साहेब."

"बरं. तुम्ही एवढं म्हणताय तर," उसुई म्हणाले, आणि त्यांनी कुकी तोंडात टाकली. अख्खी. कडा, लोणी, टिकली, सारे एकदम.

"मऊ पडलीय हो," बोटे झटकत ते म्हणाले.

"अगंबाई, खाल्ली!" एवढेच ओकाबेबाईंना सुचले. मिनेगिशींचा हात रिकाम्या डब्याच्या कडेवर तसाच राहिला. मग त्यांनी झाकण लावले, नीट दाबले, आणि वाकून नगराध्यक्षांचे आभार मानले.

गाव पेटले. शेवटची कुकी ज्याला सोडवत नाही, तो तिजोरी काय सोडणार, असा प्रश्न सर्व पक्षांनी एकमुखाने विचारला. अविश्वासाच्या ठरावावर उसुईंनी कळवळून सांगितले, "पण ते नको म्हणाले होते!" सभागृहात हशा पिकला. "नको म्हणाले, आणि यांनी ऐकलं!" मागल्या बाकांवरून कोणी ओरडले.

साक्षीला मिनेगिशींना उभे केले. ती कुकी त्यांना हवी होती का, एवढाच प्रश्न होता.

"मुळीच नाही," मिनेगिशी म्हणाले. "मला गोड चालतच नाही."

हे ऐकून सभागृह गहिवरले, कारण उत्तराचा अर्थ प्रत्येकाला कळला. न कळणारा मनुष्य तेथे एकच होता, आणि त्याच्यावरील ठराव त्याच दिवशी मंजूर झाला.

हिरामाच्या लोकांना वाचकांनी खुशाल हसावे. फक्त हसण्यापूर्वी एका शंकेचे निरसन करावे. गेल्या लग्नाच्या पंगतीत जिलबी पुन्हा फिरली, तेव्हा "नको, नको, अगदी पुरे" म्हणत आपण पानावर आडवा हात धरलात; त्या हाताच्या बोटांत जिलबी अलगद खाली उतरेल एवढी फट कोणी ठेवली होती? आणि वाढपी आपला शब्द खरा मानून पुढे सरकला, तेव्हा यजमानांच्या दानतीविषयी आपण घरी जाताना काय काय बोललात?