हत्तीबेटाचं सामान

सामान बांधावं ते वीरभद्रप्पा ऊर्फ आप्पांनीच, असं लातुरात कुणी म्हणत नव्हतं. ते स्वतःच म्हणत होते. वीस वर्षं किराणा दुकान चालवलेल्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही. अख्खं घर एका जीपमध्ये बसवून दाखवतो, असं त्यांनी बायकोला, म्हणजे उमाबाईंना, छाती पुढं काढून सांगितलं होतं.

उमाबाईंना जीपचं कौतुक नव्हतं. त्यांना फक्त एकदाचं निघायचं होतं. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण दुकान बंद ठेवून नवरा-बायको दोघंच कुठं गेलेत असं कधी घडलं नव्हतं. त्यात लातूरचा नवा जिल्हा झाला, आणि समोरच्या घरात कलेक्टर कचेरीतला एक कारकून राहायला आला. तो बायकोला घेऊन डोंगरावर तंबू ठोकून राहून आला. ते ऐकल्यापासून उमाबाई आप्पांशी हो आणि नाही एवढंच बोलू लागल्या. चौथ्या दिवशी आप्पांनी शरणागती पत्करली. पोरी आजोळी गेल्यावर चैत्रात दोन दिवस हत्तीबेटाच्या डोंगरावर मुक्काम, तोही तंबूत!

दुष्काळामुळं नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. पुढची पाळी सोमवारची. म्हणून शुक्रवारी दुपारी निघून रविवारी परत यायचं ठरलं. यात कुठं काही चुकलं होतं असं आजही कुणाला म्हणता येणार नाही.

शुक्रवारी सकाळी आप्पा बांधाबांधीला बसले. हंड्यात डाळ-तांदूळ, धपाटे, शेंगाची चटणी, आणि उरलेल्या जागेत चाकू, विळी, कात्री. घागरींत चादरी कोंबल्या. बादल्यांत कंदील आणि तवा. पाण्याच्या पत्र्याच्या टिपाडात गादी, अगदी पायांनी तुडवून. मग प्रत्येक भांड्याच्या तोंडाला गोणपाट लावून दाभणानं सुतळीची दुहेरी शिवण घातली. एखादं भांडं तरी मोकळं ठेवा, असं उमाबाई म्हणाल्या.

"मोकळं भांडं नेणं म्हंजे वारा वाहून नेणं हाय," आप्पा म्हणाले आणि शेवटची गाठ आवळली.

दुपारी भाड्याची जीप दारात आली. ड्रायव्हर मलप्पा चहा पीत होता. तेवढ्यात अंगणातला नळ खाकरला, आणि मोठ्या धारेनं पाणी सुरू झालं. मुंबईचे कुणी बडे साहेब नवा जिल्हा बघायला येणार होते, म्हणून त्या दिवशी पाणी सोडलं होतं. हे नंतर कळलं. त्या वेळी गल्लीतला प्रत्येक माणूस भांडं घेऊन पळत होता आणि आप्पांच्या घरात रिकामं भांडं म्हणून चहाची कपबशी तेवढी होती.

आप्पा हंड्यावर तुटून पडले. गाठ सुटेना. कापायला चाकू हवा, आणि चाकू हंड्यात. त्यांनी दातांनी सुतळी चावून पाहिली. इकडं पाणी मोरीकडं निघालं होतं, आणि ते वाया जाताना बघून उमाबाई अंगणात धावल्या.

"गाठी ऱ्हाऊ द्या!" त्या ओरडल्या. "तंबू आणा तंबू!"

तंबू म्हणजे ट्रकवरची कोरी ताडपत्री. ती अंगणात अंथरली. हंडा, घागरी, बादल्या, टिपाड, पिशव्या गोल मांडून त्यांच्यावर तिच्या कडा चढवल्या. नळाची रबरी नळी आत सोडली. तासाभरात अंगणात गुडघाभर पाण्याचं तळं झालं. वर्षभरात एवढं पाणी त्या घरानं पाहिलं नव्हतं.

"आप्पा, सामान चढवू न्हवं?" मलप्पानं विचारलं आणि एक घागर उचलली. भस्सकन पाणी त्याच्या पायावर आलं. उमाबाई अशा किंचाळल्या की त्यानं घागर होती तिथं ठेवली, हात जोडले आणि रिकामी जीप घेऊन तो निघून गेला. सामान हलवलं तर पाणी जाणार, आणि पाणी ठेवलं तर सामान हलणार नाही. सहल तिथंच संपली. रात्रीची भाकरीसुद्धा कारकुनाच्या घरून आली, कारण डाळ-तांदूळ बांधात अडकले होते.

शनिवारी सकाळी आप्पा आंघोळीविना टोपी घालून, दुकानाच्या किल्ल्या हातात घेऊन बाहेर आले. गावाला गेलोच नाही तर शटर तरी उघडावं, असा साधा विचार होता. उमाबाई ओसरीत बसल्या होत्या. शेजारची शेळी पाण्यावर टपून होती. आप्पांना खरंच वाईट वाटलं.

"रागावलीस व्हय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई वो. हत्तीबेटाचं काय एवढं? सोळा वर्षांत पयल्यांदा तुमी दोन दिवस दुकान सोडून माझ्यापाशी हाव. मला तेच पायजे होतं."

आप्पांनी किल्ल्या हळूच खिशात टाकल्या.

"बसा की हितं," उमाबाई सरकून म्हणाल्या. "आन् ती शेळी हाकला."