अण्णासो सरांचा जामर

दहावीच्या वर्गात गणिताच्या तासाला एकाच वेळी तीन मोबाइल वाजले आणि त्यातला एक गणिताच्या सरांचाच निघाला, तेव्हा मुख्याध्यापक अण्णासो कांबळे यांनी शाळेत जामर बसवला. मंगळवार पेठेत तोवर कुणी जामर पाहिला नव्हता. पुस्तकाएवढी काळी पेटी, वर दोन अँटेना आणि एक तांबडा दिवा. दिवा लागला की आसपासच्या मोबाइलची रेंज गायब. संध्याकाळीही अभ्यासिका भरायची, म्हणून पेटी बंद करायचीच नाही असा सरांचा हुकूम होता.

हुकूम सरांनाच भोवला. शाळेच्या मागच्या खोलीत ते एकटे राहत. बायको ललिता आता नव्हती आणि मुलगी दीक्षा बंगळूरला नोकरीला होती. जेवण झालं की ती रोज एक मिस्ड कॉल द्यायची. एक रिंग म्हणजे 'मी ठीक आहे'. सरही उलट एक रिंग द्यायचे. अख्ख्या दिवसात त्यांची विचारपूस करणारं कुणी असेल तर ती रिंगच. जामर बसला आणि रिंग थांबली. बूथवरून फोन करता आला असता, पण स्वतःहून फोन करून पोरीला कामात त्रास द्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा हुकूम होता. सर ताटावर बसून, रेंज नसणारच असं धरून, मोबाइलच्या काळ्या पडद्याकडे बघत राहायचे आणि भात गार व्हायचा.

पेठही खवळली होती. कुणाचं स्थळ अडलं, कुणाचा जावई रुसला, सगळ्याला कारण जामर. शेजारच्या गिरणीवाल्या झुंबरबाई तर थेट ऑफिसात आल्या.

"ओ सर, माझ्या पृथ्वीराजचा फोन येईना झालाय. पुण्यास्नं रोज करायचा पोरगा. तुमच्या पेटीनं तोडला की."

"मुलांच्या भल्यासाठी आहे हो ते."

"आन माझा काय मुलगा न्हाय व्हय?"

शेवटी सरांनी माघार घ्यायची ठरवली आणि शिपाई गुंडूला बोलावलं.

"गुंडू, आजपासून संध्याकाळी पेटी बंद ठेवायची."

पेटीशेजारी उभा राहून गुंडू मान डोलावतोय, तोच त्याच्या खिशात मोबाइल वाजला. सवयीनं त्यानं तो उचललाही. "व्हय, येताना मटण आणतो." मग तो सरांकडे बघतच राहिला.

"रेंज कुठून आली?" सरांनी विचारलं.

"पेटी कवाच जळलीया सर. बसवली त्याच आठवड्यात लाईट जोरात आलती. आता दिवा तेवढा लागतोय. तुमी वरडशिला म्हणून बोललो न्हाई."

"पोरांना ठाऊक आहे?"

"पोरांनीच मला सांगितलं की."

सरांनी आपला मोबाइल काढला. रेंजच्या सगळ्या दांड्या उभ्या होत्या. म्हणजे इतके दिवस दीक्षाच्या रिंगला वाट मोकळी होती आणि ती आली नव्हती. सर खुर्चीत बसले. ललिता गेली त्या दिवशीही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान दीक्षा जवळ होती.

तेवढ्यात झुंबरबाई पुन्हा दारात उभ्या राहिल्या. बाईला तरी खरं सांगून टाकावं, म्हणून सर उठले.

"झुंबरबाई, त्या पेटीचं असं झालंय..."

"पेटीचंच बोलाय आलोय मी. उद्या गल्लीतली समदी येनार हाईत, पेटी काढा म्हणून. त्यांचं ऐकू नकासा."

"का हो? तुमचीच तर तक्रार होती."

झुंबरबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. त्यांचा आवाज आज गिरणीवरचा नव्हता. "पेटी काढली आन तरीबी त्याचा फोन न्हाई आला, तर मी काय समजायचं?"

सरांनी पेटीवरच्या तांबड्या दिव्याकडे पाहिलं.

"काढत नाही," मग ते म्हणाले. "दहावीची परीक्षा होईपर्यंत तर नाहीच."

झुंबरबाई हलक्या पावलांनी गेल्या. गुंडूनं हळूच विचारलं, "आन परीक्षा झाल्यावर, सर?"

"पुढच्या वर्षी नवी दहावी येते की," सर म्हणाले, आणि रुमालानं पेटीवरची धूळ पुसू लागले.