डब्यातला फोन

गव्हाणे गुरुजी बैठकीला आले की आधी खिशातला फोन काढून जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतात आणि झाकण घट्ट लावतात. फोन ऐकतो, असं त्यांचं म्हणणं. मग पाठ भिंतीला लागेल अशी खुर्ची ओढतात आणि विचारतात, "कुणी लिहून तर घेत न्हाई ना?"

बैठक आम्हा आठ शिक्षकांचीच. कारेगावजवळच्या आमच्या शाळेत शनिवारी पोरं घरी गेली की अर्धा तास बसायचं आणि आठवड्यात आपला कोणता तास फसला, का फसला, हे एकमेकांना सांगायचं, असं मुख्याध्यापिका कांबळे बाईंनी ठरवलं होतं. मला ते पटलं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वरवंडच्या शाळेत माझं चुकलेलं शिक्षकांनी कधी हसण्यावारी नेलं नाही, म्हणून इथवर आलो.

गुरुजींची पाळी आली की एकच वाक्य यायचं, "माझे सगळे तास उत्तम झाले." चहा जरा गोड लागला तरी कप खाली ठेवायचे. गोड पाजून माणसाला बोलतं करतात, असा त्यांना दाट संशय.

एका शनिवारी मी सांगितलं की माझ्या तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी साफ फसली. बैठक संपल्यावर गुरुजींनी मला पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"सर, कबुली दिलीत. आता ती कागदावर येणार."

मग हळू आवाजात त्यांनी स्वतःचं सांगितलं. दौंडकडे असताना शिक्षकांच्या सभेत ते म्हणाले होते की निम्म्या वर्गाला भागाकार येत नाही, कुणी मार्ग सांगा. आठच दिवसांत कारणे दाखवा नोटीस आली. "म्या उपाय मागितला व्हता," एवढंच म्हणून ते निघून गेले.

त्यानंतर ते माझ्या खिडकीबाहेर दिसू लागले. मी वळून पाहिलं की झाडाच्या कुंड्या मोजल्यासारखं करायचे. तिसरीची दुसरी तुकडी त्यांच्याकडेच, मग माझ्या वर्गाशी काय काम? हळूहळू मलाही ती बाधा झाली. हेच माझी बातमी वर पोचवत नसतील कशावरून? मी वजाबाकी शिकवताना आवाज खाली आणू लागलो.

मग एका शनिवारी बैठकीनंतर घरी निघालो आणि हेल्मेट विसरलं म्हणून परतलो. शाळा रिकामी होती. गुरुजींच्या वर्गातून आवाज आला.

"बावन्नातून सत्तावीस गेले आन् पोरीनं पस्तीस लिहिले. तुम्ही काय केलं?"

माझ्याच वर्गातली चूक. हे नक्की कुणा साहेबाला सांगताहेत. पण दाराशी पाहिलं तर डबा टेबलावर, झाकण लावलेलं. वर्गात दुसरं कुणी नव्हतं. गुरुजी फळ्यापाशी उभे राहून विचारत होते, मग पहिल्या बाकावर गुडघे कोंबून बसत आणि उत्तर देत.

"तास संपत आला व्हता," बाकावरचे गुरुजी म्हणाले.

उठून फळ्यापाशी गेले. "खरं सांगा."

पुन्हा बाकावर आले. "मला भ्या वाटलं. परत समजावलं आन् तरी न्हाई कळलं तर? त्या सरांच्या पोरांचं पंचवीस येतंय आता. खिडकीतून बघितलं, पर नीट ऐकू आलं न्हाई."

माझ्या चपलेचा आवाज झाला. ते दचकून उठू लागले, पण गुडघे बाकात अडकलेले. माझ्या हाताकडे, खिशाकडे बघत राहिले.

"कवापासून करता हे, गुरुजी?"

"दौंडपासून."

मी टेबलापाशी गेलो, डबा उघडला, माझा फोन त्यांच्या फोनशेजारी ठेवला आणि झाकण लावलं. त्यांनी फळ्याकडे बोट केलं. मी तिथं उभं राहून विचारावं, असं त्यांना वाटलं असावं.

मी बाकावर त्यांच्याशेजारी बसलो. म्हणालो, "जरा सरका. माझ्याकडं अजून चौघांचं पस्तीसच येतंय."

गुरुजी सरकले.