सोनवणेभाऊंची पलटण

सोनवणेभाऊंना 'चहा घेणार का?' असं विचारलं, की उत्तर अमेरिकेतल्या गुलामगिरीपासून सुरू व्हायचं.

"तिथं काळ्या माणसाला अक्षर शिकवणं म्हणजे गुन्हा होता, साहेब!" इथून निघालेली गाडी गुलामगिरी संपल्यावर त्या लोकांनी चर्चच्या तळघरात काढलेल्या कॉलेजांवर थांबत थांबत, एका काळ्या पोराला विद्यापीठात सोडायला आलेल्या सैनिकांपर्यंत पोचेपर्यंत चहा थंड, बशी थंड, मी थंड. बहारीनच्या जुलैत थंड व्हायला दुसरा उपायही नव्हता म्हणा. एसी दुरुस्त करणारे भाऊच, आणि आमचा एसी उघडा टाकून तेच हे सांगत बसलेले! जिन्यात त्यांचं खोकणं ऐकू आलं, की मी, म्हणजे शंभर किलोंचा अकाउंटंट, पडद्यामागे लपायचो. बायको म्हणते, पडदाच माझ्यामागे लपायचा.

अशात त्यांच्या प्रज्ञाला अमेरिकेतल्या तसल्याच एका जुन्या कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली. बिनआईची पोर, भाऊंनी एकट्यानं वाढवलेली. शुक्रवारच्या बुद्धवंदनेनंतर भाऊंनी हुकूम सोडला, "पोरीला पोचवायला सगळ्यांनी यायचं. पलटण पाहिजे!"

निघालो. आमच्या माहूजच्या वस्तीपासून विमानतळापर्यंत गाड्यांची अशी रांग, की लोकांना राजवाड्यातली वरात वाटली असणार. पहिल्या गाडीत सेनापती मी. मी बसल्यावर ड्रायव्हर मावला हेच नशीब. मागून प्रज्ञा तोंड लपवत, "बाबा, प्लीज! सो एम्बरॅसिंग!"

दारात पोलिसानं अडवलं. एका मुलीसाठी एवढी माणसं? भाऊंनी मोडक्यातोडक्या अरबीत गुलामगिरीपासून सुरुवात केली. गोष्ट कॉलेजांपर्यंतही पोचली नसेल, तोच पोलीस "खलास, खलास! यल्ला!" म्हणजे 'पुरे, चला आता!' म्हणत बाजूला झाला.

प्रज्ञा आत गेली. काचेपलीकडे दिसेनाशी झाली. भाऊ तसेच उभे.

मला शांतता झेपत नाही. म्हटलं, "भाऊ, त्या पोराचं पुढं काय झालं हो? सैनिकांनी सोडल्यावर?"

इतक्या वर्षांत हे मी कधी विचारलंच नव्हतं. तोवर मी पळालेला असायचो.

"सैनिक दारापर्यंतच, साहेब," भाऊ काचेकडे बघत म्हणाले. "पुढं तो एकटाच. जेवायला बसला, तर शेजारी कोणी बसायचं नाही."

परत माहूजला जिना चढून आल्यावर भाऊ हातात किल्ली धरून आपल्या दारासमोर नुसतेच उभे राहिले. कुलूप काही उघडेनात.

मी विचारलं, "भाऊ, चहा घेणार का?"

"हो," भाऊ म्हणाले.