भालचंद्राच्या नव्या नळ्या

एका जंगलात, मुलांनो, वीज होती. ती तिथे कशी आली, हा प्रश्न हुशार मुलं विचारतात. उरलेली गप्प बसून गोष्ट ऐकतात आणि पुढे मोठ्या हुद्द्यावर जातात.

त्या जंगलात भालचंद्र नावाचं अस्वल राहायचं. भालचंद्र गिटार वाजवायचा. चांगली वाजवायचा, हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्याच्याविषयी चांगलं सांगण्यासारखं फार नाही.

त्याच्याकडे एक जुना अँप होता. अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. तिच्या आत काचेच्या चार नळ्या होत्या, दोन लहान आणि दोन मोठ्या. पेटी चालू केली की नळ्या मंद नारिंगी उजळायच्या. मग गिटारचा आवाज असा यायचा, की पाणवठ्यावरची हरणं पाणी प्यायची थांबायची. नऊ वर्षं तो अँप तसाच वाजत होता. कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार नसली की सुधाकर कोल्ह्याला करमत नसे. सुधाकरला एकही वाद्य येत नव्हतं, पण सगळ्या वाद्यांबद्दल मत होतं.

“भालचंद्रराव,” तो एकदा म्हणाला, “नळ्या किती वर्षांच्या आहेत?”

“नऊ.”

“तरीच.”

“तरीच काय?”

“काही नाही. आवाज जरा म्हातारा झालाय. तुम्हाला नाही जाणवणार. रोज ऐकणाऱ्याला जाणवत नाही.”

तोवर भालचंद्राला खरंच काही जाणवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जाणवायला लागलं.

आठवड्याभरात नदीपलीकडून नव्या नळ्या आल्या. त्या सुधाकरनेच मागवल्या होत्या. डब्यावर सोनेरी अक्षरं होती. भालचंद्राने चारही नळ्या एकाच दुपारी बदलल्या. जुन्या मात्र टाकवेनात, म्हणून त्या पळसाच्या पानात गुंडाळून गुहेत कोनाड्यात ठेवल्या.

मग त्याने अँप चालू केला. अँप घरघरला. गिटारला हात लावला नव्हता, तरी घरघरतच राहिला. हात लावल्यावर घरघरीच्या आतून कुठूनतरी गिटार ऐकू आली, मधमाश्यांच्या पोळ्यात कुणी गाणं म्हणावं तशी.

समोरच्या ऐनाच्या झाडावर गोदाक्का राहायची. ती सुतार पक्षीण होती. जंगलातले रेडिओ, पंखे, घंटा, सगळं तीच दुरुस्त करायची. आवाज ऐकून ती न बोलावता खाली आली. न बोलावता येणं ही तिची पहिली चूक.

“काल वाजत होता ना रे?” तिने विचारलं.

“वाजत होता.”

“मग आज काय बदललंस?”

“काहीच नाही.”

“नळ्या बदलल्यास ना?”

“त्या नवीन आहेत, गोदाक्का.”

गोदाक्काने चोचीने एकेका नळीवर हलकेच टकटक केली. पहिली गप्प, दुसरी गप्प. तिसरीवर टकटक करताच स्पीकरमधून मोठ्याने टण्ण आवाज आला. चौथीवर तिने टकटक केलीच नाही. नुसती पाहत राहिली.

“ही सैल आहे, तिसरी. तिचं नंतर बघू,” ती म्हणाली. “या चौथीच्या पोटातला पत्रा बघ, लालबुंद झालाय. मोठी नळी बदलली की ती किती वीज ओढते ते मोजून आतला स्क्रू फिरवावा लागतो. तू मोजलंस का?”

“डब्यावर तसं लिहिलं नव्हतं.”

“आधी बंद कर. जुन्या नळ्या परत घाल, मग एक एक नवी लावून बघू. नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. तारा गुंडाळून तसा ट्रान्सफॉर्मर बनवणारा आता कुणी उरला नाही. जुन्या नळ्या आहेत ना?”

भालचंद्राला कोनाडा आठवला. त्याचबरोबर आठवडाभर आपण सगळ्या जंगलाला नव्या नळ्यांबद्दल काय काय सांगितलं होतं, तेही आठवलं.

“टाकल्या,” तो म्हणाला.

गोदाक्का गेल्यावर सुधाकर आला. बरोबर मोर होता. मोर जंगलात कलेवर भाषणं द्यायचा. दोघांनी वाकून चौथी नळी पाहिली.

“काय तेज आहे,” सुधाकर म्हणाला.

“आणि ऊब,” मोर म्हणाला. “आवाजाला ऊब आली आहे.”

“पण घरघर?” भालचंद्राने विचारलं.

“घरघर वेगळी,” सुधाकर म्हणाला. “ती दुसरीकडून येते.”

वसंतोत्सव दहा दिवसांवर आला होता आणि भालचंद्राचं वादन ठरलेलं होतं. म्हणून जंगलाचे अध्यक्ष सयाजीराव गवा यांनी घरघर निवारण समिती नेमली. समितीत सुधाकर होता, मोर होता. गोदाक्का नव्हती, कारण ती कामात होती.

समितीने कसून तपास केला. आधी गिटारची वायर बदलली. मग गिटार. मग भिंतीतला सॉकेट. मग अँपचं तोंड पूर्वेला केलं. मग भालचंद्राची नखं तारांना घासतात असं कुणालातरी वाटलं, म्हणून त्याची नखं कापली. भालचंद्राने निमूटपणे पंजे पुढे केले. एवढी मोठी मंडळी आपल्यासाठी झटतायत, याचं त्याला मनातून बरंच वाटत होतं.

मधे दोनदा फ्यूज उडाला. तिसऱ्यांदा सुधाकरने तिथे तांब्याची जाड तार पिळून घातली. फ्यूज उडायचा थांबला. समितीने ही प्रगती म्हणून नोंदवली.

उत्सवाच्या आदल्या दुपारी भालचंद्र एकटा होता. त्याने कोनाड्यातून पळसाचं पान काढलं आणि उलगडलं. जुन्या नळ्या धुरकटल्या होत्या, पण धड होत्या. त्याने अँप बंद केला आणि मागची फळी काढली. चौथ्या नळीला पंजा लावला आणि भाजला म्हणून मागे घेतला.

नळी निवेपर्यंत तो बसून राहिला. आणि बसल्यावर, मुलांनो, विचार येतात. उद्या अँप जुन्या नळ्यांवर छान वाजला, तर नव्या मागवल्या कुणी, असं विचारतील. टाकल्या होत्यास ना, असं गोदाक्का विचारेल. सयाजीरावांच्या समितीने दहा दिवस काय केलं, हेही कुणीतरी विचारेल, आणि ते सयाजीरावांना आवडणार नाही.

नळी निवली तेव्हा भालचंद्राने फळी परत लावली होती.

उत्सवाला सगळं जंगल लोटलं. भालचंद्र वाजवायला बसला. दोन गाणी झाली. घरघरीसकट टाळ्या पडल्या. तिसऱ्या गाण्याला चौथी नळी इतकी लाल झाली, की मागच्या फळीच्या फटीतून उजेड दिसायला लागला. “तेज पाहा,” मोर शेजाऱ्यांना म्हणाला. मग वास यायला लागला. भालचंद्राच्या नाकाला तो सगळ्यात आधी आला. अस्वलाचं नाक आहे ते. पण गाणं अर्ध्यावर होतं आणि सयाजीराव मान डोलावत होते. तो वाजवत राहिला.

गोदाक्का झाडावरून सरळ सॉकेटवर झेपावली. तिने चोचीत वायर धरली आणि ओढली. त्याच क्षणी आत काहीतरी फाटकन फुटलं आणि पेटीतून काळा धूर निघाला. हरणं पळाली. आणि सगळ्या जंगलाने पाहिलं ते एवढंच, की गोदाक्काने हात घातला आणि अँप जळाला.

चौकशी दुसऱ्याच दिवशी झाली. सुधाकरने प्रश्न विचारले.

“तुम्ही या नळ्यांवर चोच मारली होती का?”

“टकटक केली होती,” गोदाक्का म्हणाली.

“लिहा, चोच मारली होती. काल वायर तुम्हीच ओढली?”

“ओढली. उशिरा ओढली. फ्यूजच्या जागी तार कुणी घातली, ते विचारा.”

“विषयाला धरून बोला.”

मग भालचंद्राला पुढे बोलावलं. सयाजीरावांनी स्वतः विचारलं, “भालचंद्रराव, नळ्या ठीक होत्या ना?”

गोदाक्का त्याच्याकडे पाहत होती. रागाने नाही. बिघडलेल्या यंत्राकडे ती जशी पाहायची, तशी.

“नवीन होत्या,” भालचंद्र म्हणाला.

समितीने लिहिलं, ठीक होत्या.

गोदाक्काला कुठल्याही यंत्राच्या शंभर पावलांत यायची बंदी झाली. जंगलात शंभर पावलांत यंत्र नाही अशी जागा उरली नव्हती, त्यामुळे ती नदीपलीकडे गेली. पुढच्या महिन्यात रेडिओ बंद पडले, मग पंखे. त्यांच्यासाठी वेगळ्या समित्या आहेत.

भालचंद्राला शाल आणि श्रीफळ मिळालं. इतक्या संकटात त्याने गाणं सोडलं नाही, असं मोर भाषणात म्हणाला. त्याला अँप देखभाल मंडळाचा प्रमुख नेमलं. जळका अँप सभागृहात काचेच्या पेटीत ठेवला आहे. सणासुदीला भालचंद्र त्याच्या शेजारी गिटार घेऊन बसतो, तारा छेडतो आणि पुढच्या दोन रांगांना काहीतरी ऐकू येतं. मागच्या रांगा पुढच्यांकडे पाहून टाळ्या वाजवतात.

सुधाकर दरवर्षी अँपची तपासणी करून अहवाल देतो. घरघर पूर्ण गेली आहे.

तात्पर्य: मुलांनो, यंत्र बिघडलं तर आपण शेवटी काय बदललं, ते सोडून बाकी सगळं तपासा. तेवढ्यात कुणीतरी जाणकार मदतीला येईलच. बिघाड त्याच्या नावावर लिहिता येतो.