आठ सेकंदांचा व्याख्या-अहवाल

ओहायोतल्या आमच्या हार्लन फॉल्स गावात पायी रस्ता ओलांडणाऱ्याला सिग्नल चौदा सेकंद मिळतो. ब्याऐंशी वर्षांच्या व्हर्नाबाई स्टोलार्स्कींना वॉकर धरून बावीस लागतात आणि औषधांचं दुकान नेमकं पलीकडे आहे. त्यांनी गावसभेत आठ सेकंद वाढवून मागितले आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

नियमावलीत ही सोय 'चालणाऱ्यांसाठी' आहे. बाई करतात त्याला चालणं म्हणावं का, असा प्रश्न अध्यक्ष ड्वेन केसलर यांनी गांभीर्याने उपस्थित केला.

"मग मी काय उडत आले रे इथे?" बाईंनी त्याला तिसरीत शिकवलं होतं.

"बाई, तुमची बोलायची तीन मिनिटं संपली."

व्याख्या-उपसमिती नेमली गेली. सचिव मी. भाषेचे प्राध्यापक बोलावले. ते म्हणाले, चालण्यासाठीचा इंग्रजीतला 'वॉक' हा शब्द हजार वर्षांपूर्वी लोळणे, गडगडणे अशा अर्थाने वापरत. समितीला हे फारच पटलं. शास्त्रीय पडताळणीसाठी आम्ही एक मध्यम आकाराचा भोपळा रस्त्यावरून गडगडवला. तो पाच सेकंदांत पार झाला! म्हणजे चौदा सेकंद हा आमचा उदारपणाच होता.

मग समानार्थी शब्द आले. फेरफटका आणि रपेट मंजूर झाले. 'रमतगमत' सात महिने प्रलंबित राहिला. 'खुरडणे' परिशिष्ट 'ब'मध्ये, म्हणजे सोयीच्या बाहेर गेला.

"मेल्यांनो, मला शब्द नकोत, सेकंद हवेत!" बाई ओरडल्या. "परवा ट्रक वॉकरला घासून गेला. पुढच्या वेळी मला घासेल!"

"तुमच्या भावना इतिवृत्तात घेतल्यात," मी म्हणालो. खरंच घेतल्या होत्या.

अकरा महिन्यांनी अहवाल एकमताने मंजूर झाला. आनंदाप्रीत्यर्थ समोरच्या हॉटेलात सफरचंदाचा गोड 'ॲपल पाय' खायला जायचं ठरलं. रस्त्यापलीकडेच आहे, म्हणून आम्ही सातही जण आपापल्या गाड्या काढून निघालो.

चौकात आमचा दिवा हिरवा झाला, तेव्हा व्हर्नाबाई रस्त्याच्या मध्यावर होत्या. औषधांची पिशवी वॉकरला अडकवलेली होती. ड्वेन सर्वांत पुढे होता. तो थांबला, माणूस तसा वाईट नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी हॉर्न दाबून धरला. बाई दचकल्या, तोल गेला आणि त्या डांबरावर कोसळल्या.

हॉर्न कुणी वाजवला, याची इतिवृत्तात नोंद नाही. माझ्या मागच्या गाडीत तुम्हीच होतात ना? तुम्हालाही घाई असेल म्हणा.